ईस्टरचा हॅम: माझा अनुभव

आमच्या वसईत ईस्टरला डुकराचं मटण म्हटलं की सोरपोतेल, नाहीतर विंदालू. व्हिनेगर, लसूण, लाल मिरची, मंद आच. शिळं जास्त चांगलं लागतं म्हणून सगळं आदल्या दिवशीच उरकायचं. अमेरिकेत मिशिगनमध्ये आल्यावरही मी तेच करत आले. यंदा मात्र चर्चमधली काही कुटुंबं आमच्याकडे जेवायला येणार होती, त्यात एक पोलिश आजी. त्यांनी फोनवरच विचारलं, “हॅम तू करतेयस की मी आणू?” सणाचं जेवण आपल्या घरी आणि मुख्य पदार्थ पाहुण्यांनी आणायचा, हे काही पटेना. “मीच करते,” म्हणून मोकळी झाले.

ईस्टरला हॅमच का, याचं उत्तर थंडीत आहे. फ्रिज नव्हते तेव्हा डुकरं हिवाळ्याच्या तोंडावर कापायची, मागच्या तंगड्या मिठात मुरवून धुरावर धरायच्या, आणि वसंत येईपर्यंत त्या खाण्याजोग्या व्हायच्या. उपवासकाळ संपायला आणि हॅम तयार व्हायला एकच गाठ. इथल्या डेट्रॉइट शहराच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचं छोटं शहर आहे, तिथली पोलिश वस्ती जुनी. पवित्र शनिवारी तिथे लोक टोपल्या घेऊन चर्चमध्ये जातात. टोपलीत अंडी, सॉसेज, पाव, कोकराच्या आकाराचं लोणी, किसलेलं हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं झणझणीत मूळ) आणि हॅमचा तुकडा. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि ते अन्न रविवारी सकाळी खायचं. आमच्या आजी याच परंपरेतल्या, म्हणून जरा धास्ती होती.

दुकानात गेले तर हॅमचा ढीग. कोणता घ्यायचा हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. नुसतं ‘हॅम’ लिहिलेला सगळ्यांत चांगला, त्यात वरून घातलेलं पाणी जवळजवळ नाही. त्याखाली ‘विथ नॅचरल ज्यूसेस’, मग ‘वॉटर अ‍ॅडेड’, आणि तळाला ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’, म्हणजे पैसे मांसाचे आणि बरंचसं वजन पाण्याचं. शिवाय अख्खी तंगडी कोणी घेत नाही, अर्धी घेतात. खालचा नळीकडचा भाग कापायला सोपा, कारण त्यात एकच सरळ हाड. वरचा पुठ्ठ्याकडचा भाग जास्त मांसल, पण हाड वेडंवाकडं. मी नळीकडचा घेतला, आठेक पौंडांचा. हाडासकट माणशी पाऊण पौंड धरतात, तेव्हा पुरून उरणार होता.

आता प्रश्न, आधीच काप केलेला घ्यायचा की अखंड? स्पायरल हॅममध्ये हाडाभोवती एकसलग गोल काप दिलेले असतात. ही युक्ती डेट्रॉइटचीच. हॅरी होन्सेलार नावाच्या माणसाने असे काप करणारं यंत्र बनवलं आणि १९५२ साली त्याचं पेटंट मिळवलं. पहिला नमुना म्हणे गाडीचा जॅक, पाई भाजायचं ताट, धुलाईयंत्राची मोटर आणि सुरी जोडून केलेला. १९५७ मध्ये त्याने हनीबेक्ड हॅम कंपनी काढली. एवढं सगळं गावचं कौतुक असूनही मी अखंडच घेतला. कापांच्या फटींतून ओलावा निघून जातो आणि मांस कोरडं पडतं, असं आजींचं ठाम मत. माझंही आता तेच झालंय.

घरी येऊन वसईला आईला फोन केला. हॅम आधीच खारवलेला, धुरावर धरलेला आणि शिजलेला असतो, गुलाबी रंग खारवताना घातलेल्या नायट्राइट या क्षारामुळे येतो, कच्चेपणामुळे नाही, हे सगळं तिला सांगितलं.

“शिजलेलाच आहे तर दोन तास ओव्हनात काय करणारेस त्याचं?”

“गरम करणार.”

“गरम करायला दोन तास? आणि मसाला?”

“मसाला नाही गं. वरून साखर.”

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, “बघ बाई. आलेल्यांना लोणचं तरी वाढ.”

आईचा प्रश्न अगदी नेमका होता. हॅम करायचा म्हणजे शिजवायचं काहीच नसतं. आतलं पाणी न घालवता तो हाडापर्यंत गरम करायचा आणि वर चकचकीत गोड कवच आणायचं, इतकंच. ज्या हाताला परतायची, ढवळायची, चव बघून मीठ टाकायची सवय, त्या हाताला हे जड जातं. मी ओव्हनच्या काचेपाशी उगाच घिरट्या घालत होते.

हॅम फ्रिजमधून तासभर आधी काढला. हाडाच्या टोकाला कधीकधी प्लास्टिकची चकती बसवलेली असते, ती शोधून काढायची, नाहीतर ती ओव्हनात वितळते. वरची चरबी पाव इंच ठेवून बाकी काढली आणि सुरीने चौकटीच्या चिरा पाडल्या, शंकरपाळ्यांच्या आकारात. चिरा फक्त चरबीत, मांसात नाहीत. प्रत्येक चौकटीत एक लवंग. (कापताना लवंगा काढाव्या लागतात. एखादी दाताखाली आली की तोंड बधिर.) कापलेली बाजू खाली करून हॅम ट्रेमध्ये ठेवला, तळाला एक कप सफरचंदाचा रस ओतला आणि फॉइल घट्ट लावलं. ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १६३ सेल्सिअस. अर्ध्या हॅमला पौंडाला अठरा ते चोवीस मिनिटं, असा इथला सरकारी हिशेब. तो अंदाजापुरताच, खरा भरवसा थर्मामीटरवर. सुई मांसाच्या जाड भागात खुपसायची, पण हाडाला टेकवायची नाही, हाड जास्त तापतं. कारखान्यात शिजवून पॅक केलेल्या हॅमला १४० अंश पुरतात. कच्चा, ‘फ्रेश’ लिहिलेला असेल तर १४५ आणि वर तीन मिनिटं विसावा. तो वेगळाच प्रकार, त्याच्या वाटेला मी गेले नाही.

ग्लेझ, म्हणजे वरून लावायचा गोड पाक, मात्र माझ्या आवडीचं काम. एक वाटी ब्राउन शुगर, अर्धी वाटी मेपल सिरप, दोन चमचे डिजाँ मोहरी (तयार पेस्ट मिळते ती), दोन चमचे सफरचंदाचं व्हिनेगर, चिमूटभर लवंगपूड. मेपल सिरप मिशिगनचंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं तेव्हा झाडांचा रस काढतात, म्हणजे ईस्टरला सिरप ताजं. हे मिश्रण पळीला लपेटेल इतकं आटवलं. हॅमबरोबर येणारी ग्लेझची पाकिटातली पूड मी टाकून दिली. ती नुसती गोड असते, आणि खारट मांसाला गोडाइतकीच आंबटाची गरज. सोरपोतेलवर वाढलेल्या जिभेला हे कोणी शिकवावं लागत नाही.

ग्लेझ सुरुवातीपासून लावायचं नाही. दोन तासांत साखर जळून कडू होते. थर्मामीटर १२० दाखवू लागला तेव्हा फॉइल काढलं, ओव्हन ४०० वर नेला आणि ब्रशने पहिला हात दिला. मग दर सात-आठ मिनिटांनी आणखी एक. या वीस-पंचवीस मिनिटांत फोन घ्यायचा नाही, मुलांच्या भांडणात पडायचं नाही. कवच बदामी होतं, मग तांबूस, आणि त्यापुढे फार थोड्या वेळात काळं. तांबूस झाल्याबरोबर बाहेर काढला, सैल फॉइलखाली वीस मिनिटं ठेवला, मग हाडाला समांतर एक छेद देऊन आडवे पातळ काप.

आजींनी पहिला तुकडा खाल्ला, बीट घातलेल्या हॉर्सरॅडिशची बरणी पर्समधून काढली आणि दुसरा तुकडा तिच्यासोबत. “कोरडा नाही,” म्हणाल्या. त्यांच्याकडून ही बरीच मोठी पावती, असं त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. मी लोणचंही ठेवलं होतं. लिंबाचं गोड लोणचं हॅमबरोबर फारच जमतं, हे आईला लगेच कळवलं.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस सँडविचचे, अंड्याबरोबर परतायचे. हाडावर बरंच मांस सोडलं होतं, ते मुद्दाम. इथे त्याचं वाटाण्याच्या डाळीचं सूप करतात, तासन्‌तास उकळून. मी कुकरमध्ये केलं: हाड, हिरवी डाळ, कांदा, गाजर, तमालपत्र. ही डाळ फेसाळून शिट्टी तुंबवते, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. मीठ शेवटी, चव बघून. मला घालावंच लागलं नाही.