जास्वंदीच्या पानाची लाल चमक: कोडं सुटलं!

निळ्या उजेडात हिरवं पान लाल चमकतं, त्या चमकेचा फोटो काढायची कृती मागच्या वेळी दिली होती. ती वाचून नाशिक आणि कोल्हापूरच्या मित्रांनी तोच फोटो काढून पाहिला. ४५० नॅनोमीटरचा निळा टॉर्च, लेन्सवर लाल फिल्टर, एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, शटर आठ सेकंद उघडं, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) पक्का, रॉ फाइल. सगळं जसंच्या तसं. तरी नाशिकचं पान निखाऱ्यासारखं आणि कोल्हापूरचं मळकट.

संशय आधी कॅमेऱ्यावर गेला. हरितद्रव्याची चमक ६८५ आणि ७३५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच नेमकी तिथेच कात्री लावते. पण कोल्हापूरकरांच्या एकाच कॅमेऱ्यातले, एकाच संध्याकाळचे दोन फोटोही जुळेनात. मग टॉर्चची बॅटरी? तेही नाही. पानाशेजारची नारिंगी निऑन चिठ्ठी दोन्ही फोटोंत सारखीच उजळ होती. म्हणजे बदलत होतं ते पानच.

उत्तर फोकसमध्ये सापडलं. नाशिककर आधी मोजपट्टीवर फोकस करून अंधारातच तिच्या जागी पान ठेवतात. कोल्हापूरकर टॉर्च लावून पानावरच निवांत फोकस करतात. अंधारातून आलेल्या पानावर उजेड पडला की चमक झटकन चढते आणि प्रकाशसंश्लेषण सुरू होईल तशी काही मिनिटांत उतरते. कौट्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्येच हे नोंदवलंय.

खात्री करायला मी अर्ध्या पानावर काळा कागद ठेवला, बाकी अर्ध्यावर टॉर्च चालू ठेवला. कागद उचलताच झाकलेला भाग भडक लाल, मधोमध सरळ रेघ! बघता बघता रेघ पुसट झाली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेव्हा कृतीत भर: पान वीस मिनिटं अंधारात, फोकस पट्टीवर, टॉर्च लावल्यापासून किती सेकंदांनी शटर दाबलं त्याची नोंद. फिल्टरवर पैसे वाचवू नका, स्वस्त काचेतून निळा उजेड झिरपतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर टॉर्च मारा, फिल्टरमधून ती काळीठिक्कर दिसली पाहिजे.

पुढे व्हाइट बॅलन्स तपासणार होतो, पण लिहिता लिहिताच सुचलं: आठ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो पहिला चढ सपाटच होत असणार. आता आयएसओ वाढवून अर्ध्या सेकंदाचे फोटो, ओळीने. व्हाइट बॅलन्स नंतर बघू.

नवी कृती आमच्याशी कधीच न बोललेल्या कुणीतरी करून पाहायला हवी. अट एकच, फोन करून काही विचारायचं नाही. कोण तयार आहे?