तुम्ही विचारलेत म्हणून: मी पुन्हा सोबतीला का बसत नाही

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला लोकांनी गणपतीच्या आरतीनंतर विचारला आहे, वाढदिवसाच्या जेवणानंतर भांडी आवरताना विचारला आहे, आणि एकदा तर स्खिपोल विमानतळावर सामानाची वाट पाहत असताना जेमतेम ओळखीच्या एका गृहस्थांनीही विचारला आहे. "तुमच्या मित्रानं ते भास घडवणारं ट्रफल घेतलं तेव्हा तुम्ही त्याच्या सोबतीला बसला होतात म्हणे, आमच्याही बसाल का?" मी नाही म्हणतो, आणि लगेच ठरलेला दुसरा प्रश्न येतो, "का? त्याचं तर चांगलंच झालं की." या 'का'चे उत्तर मी आजवर प्रत्येकाला वेगळे आणि अर्धवट दिले. कुणाला वेळ नाही म्हणालो, कुणाला बायकोला आवडत नाही म्हणालो, आणि यातले एकही कारण खरे नव्हते. म्हणून आता एकदाच, सविस्तर लिहितो.

झाले ते असे. मे 2023 मधल्या एका शनिवारी, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातल्या माझ्या घरी, माझ्या वसतिगृहापासूनच्या मित्राने सायलोसिबिन, म्हणजे काही अळंब्यांत असणारे भास घडवणारे द्रव्य, असलेले ट्रफल आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले आणि सुमारे सहा तास मी काहीही न घेता त्याच्याजवळ बसलो. इथे अशा ताज्या अळंब्यांवर 1 डिसेंबर 2008 पासून बंदी आहे, पण ट्रफल, म्हणजे त्याच जातीच्या बुरशीच्या जमिनीखाली धरणाऱ्या गाठी, त्या यादीत आल्या नाहीत आणि स्मार्टशॉप म्हणतात त्या दुकानांतून प्रौढ माणसाला उघडपणे मिळतात. पुण्याहून किंवा गोव्याहून विचारणाऱ्यांना माझे उत्तर आणखी थोडक्यात आहे. भारतात सायलोसिबिन 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, आणि काही बिघडले तर जवळचा माणूस पोलिसांच्या भीतीने रुग्णवाहिका बोलवायला कचरणार असेल, तर त्याच्या तिथे असण्याला सोबत म्हणता येणार नाही.

सोबत हाच शब्द मी वापरतो. इथे त्या माणसाला ट्रिप सिटर म्हणतात आणि आपल्यातले काही जण गाइड म्हणतात, पण मला ते मान्य नाही. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात मारिया साबिना ही उपचार करणारी बाई रात्रभराच्या विधीत अळंबी देत असे, तेव्हा ती स्वतःही ती खात असे आणि समोरच्याच्या दुखण्याचे मूळ शोधत गात असे. तिच्यामागे मासातेक लोकांची परंपरा होती, त्यामुळे वाट दाखवणे म्हणजे काय हे तिच्यापुरते ठरलेले होते. मला कुठलीच वाट ठाऊक नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत, आजाऱ्याच्या उशाशी, मयत झालेल्या घरात पहिल्या रात्री कुणीतरी नुसते असावे लागते, तेवढेच मला करायचे होते. 19 एप्रिल 1943 रोजी रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये स्वतःवर एलएसडी या असेच भास घडवणाऱ्या द्रव्याचा प्रयोग केला आणि ते सायकलवरून घरी निघाले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्यांच्या प्रयोगशाळेतली सहायक सुझी रामस्टाइन त्यांच्याबरोबर सायकल चालवत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी आता ती हकीकत वाचतो तेव्हा माझे लक्ष फक्त तिच्याकडे जाते, कारण हे कधी संपेल आणि कसे संपेल हे त्या दिवशी जगात कुणालाच माहीत नव्हते, आणि तरीही तिला त्यांना घरापर्यंत न्यायचे होते.

मी तयारीत कुठे कमी पडलो, असा सूर काही जणांच्या बोलण्यात असतो, म्हणून हे ठामपणे सांगतो की मी कमी पडलो नाही. आम्ही सहा आठवडे तयारी केली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये अशा प्रयोगांसाठी सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती, ती मी दोनदा वाचली. तो लिथियम हे मनोविकारावरचे औषध घेत नाही ना, नैराश्यावरच्या गोळ्या घेत नाही ना, रक्तदाब किती असतो, हे सगळे विचारले. त्याचे घर पाचव्या मजल्यावर असल्याने माझे तळमजल्यावरचे घर निवडले, कारण 2007 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये अळंबी खाल्लेल्या 17 वर्षांच्या एका फ्रेंच मुलीचा उंचावरून उडी घेतल्याने मृत्यू झाला होता, आणि ते माझ्या मनातून जात नव्हते. 2021 मध्ये त्याचे वडील गेले तेव्हा त्याला साताऱ्याला जाता आले नव्हते, त्यांचा अग्नी त्याने मोबाइलच्या पडद्यावर पाहिला होता आणि त्यानंतर तो एकदाही रडला नव्हता. ट्रफल घ्यायचे ते त्यासाठी. त्याने माझ्याकडून एकच वचन घेतले होते, "मी कितीही मागितला तरी मला फोन देऊ नकोस. त्या अवस्थेत मी आईला फोन करीन आणि ती घाबरेल."

आणि मी तो प्रश्नही विचारला होता. त्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्याला स्वतःला, किंवा ज्याच्या जवळच्या नातलगांपैकी कुणाला, स्किझोफ्रेनियासारखा किंवा बायपोलर स्वरूपाचा मानसिक आजार झालेला असेल त्याला प्रयोगात घ्यायचेच नसते, आणि जवळच्या नातलगांत आईवडील व भावंडांबरोबर आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी हेही येतात. मी एकेक नाते घेऊन विचारले. त्याने खरोखर विचार करून उत्तर दिले, "आमच्याकडे असं कुणाला नाही."

पहिले अडीच तास जे व्हावे असे आम्हाला वाटत होते तेच झाले. सतरंजीवर तो डोळ्यांवर पट्टी बांधून पडला होता, तानपुरा लावलेला होता, आणि बाराच्या सुमारास तो वडिलांना हाक मारून रडायला लागला. मी त्याचा हात धरला आणि एक शब्दही बोललो नाही. लोकांना 'चांगलं झालं' म्हणून जे ठाऊक आहे ते हे, आणि ते खरे आहे.

एक वाजता त्याने पट्टी काढली आणि उठून बसला.

"फोन दे. आईला फोन करायचाय."

"आपण काय ठरवलं होतं?"

"तिकडे साडेचार झालेत. आईनं चहा टाकला असेल. मी एकच मिनिट बोलतो."

साडेतीन तासांचा फरक त्याने बरोबर मोजला होता, आणि त्यामुळे मी गोंधळलो. ज्याला इतका नेमका हिशेब करता येतो त्याला अडवायचा अधिकार मला आहे का, असे वाटले. मी विचारले की काय बोलायचे आहे.

"काका वरच्या खोलीत का असायचे, ते विचारायचंय."

त्याला काका असल्याचे मी कधी ऐकले नव्हते. मग तो सांगू लागला, सलग आणि शांतपणे, समोर दिसत असल्यासारखे. वडिलांचा धाकटा भाऊ. माडीवरची खोली. बाहेरून लावलेली कडी. जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकून ठेवलेले ताट. तो तेव्हा पाच वर्षांचा असेल. काका अभ्यास करतात, गडबड करू नकोस, असे त्याला सांगायचे. मग एके दिवशी कडी काढलेली होती आणि खोली धुतलेली होती. मोठेपणी त्याला एवढेच माहीत होते की वडिलांना एक भाऊ होता आणि तो तरुणपणी गेला. सगळे सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मला तेच होतंय का? मलाही आता वर ठेवणार का?"

ती भीती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझे पाय खरोखर लटपटले. सहा आठवडे मी जी एक गोष्ट टाळायची म्हणून धडपडलो होतो, ती माझ्या सतरंजीवर बसलेली होती, आणि मी तिला आत घेतले होते. खिशात माझा फोन होता, 112 दाबायला एक क्षण पुरला असता. अशा वेळी वाद घालू नये, लक्ष दुसरीकडे वळवू नये, आपण जवळ आहोत एवढेच जाणवू द्यावे, हे मी वाचलेले होते. मी म्हणालो, "तू ट्रफल खाल्लं आहेस. संध्याकाळपर्यंत हे उतरेल. मी इथेच आहे." हे योग्यच होते. पण त्याने पुन्हा फोन मागितला, मग पुन्हा, आणि असे सुमारे चाळीस मिनिटे चालले. फोन स्वयंपाकघरातल्या खणात होता. तो तिथे आला, मी खणाला पाठ लावून उभा राहिलो, आणि त्याने मला ढकलले नाही, नुसते माझ्या खांद्यावर डोके टेकून तो "एकदाच दे रे, एकदाच दे" म्हणत राहिला. मी दिला नाही. शेवटी तो म्हणाला, "तू माझा मित्र नाहीस," आणि खाली फरशीवर बसला. मीही शेजारी बसलो. दोनच्या सुमारास त्याचा श्वास संथ झाला, चारपर्यंत सगळे ओसरले, सात वाजता त्याने वरणभात खाल्ला आणि तो माझ्याकडेच झोपला.

त्या उन्हाळ्यात मी ही हकीकत, काकांचा भाग वगळून, अभिमानाने सांगत असे. शब्द पाळला, असे म्हणत असे. तेव्हाच्या माझे म्हणणे मी आजही खोडून काढू शकत नाही: माणसाने शुद्धीवर असताना घेतलेले वचन, तो शुद्धीवर नसताना मोडायचे असेल तर ते घ्यायचेच कशाला? काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, साताऱ्यात एकट्या बसून तो प्रश्न, त्या आवाजात ऐकावा लागला असता, तर त्या बाईंचे काय झाले असते?

पण त्या खणाला पाठ लावून उभा असताना माझ्या मनात नुसते वचन नव्हते. काकूंनी चार वर्षे सुट्टीच्या दिवशी मला जेवू घातले आहे, माझ्यासाठी वेगळी चटणी करून दिली आहे. "त्याला तू काय दिलंस रे?" हे त्यांचे वाक्य मला फोन न लावताच ऐकू येत होते. खण मी त्याच्यासाठी बंद ठेवला आणि माझ्यासाठीही बंद ठेवला, आणि यातले कोणते किती, हे मला आजही मोजता येत नाही. मित्राने मला दोन महिन्यांनी सांगितले, "बरं झालं दिला नाहीस." आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, साताऱ्याहून परत आल्यावर, तोच म्हणाला, "त्या दिवशी दिला असतास तर मी विचारलं असतं. शुद्धीत मला ते तोंडातून काढता येत नाही." दोन्ही वेळी तो खरे बोलत होता.

तो त्यानंतर बरा आहे. आमच्या आग्रहाने तो हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांकडे गेला, आणि त्यांनी साहजिकच विचारले की काकांना नेमका कोणता आजार होता. त्याच्याकडे उत्तर नव्हते. ती आठवण पूर्ण खरी आहे की काही भाग त्या तासांनी रचला, हेही त्याला सांगता येत नाही, कारण ज्यांना माहीत आहे त्यांना त्याने विचारलेले नाही.

तर माझ्या नकाराचे कारण हे आहे. तुम्हाला वाटते तसा मी घाबरून विरोधात गेलेलो नाही. वडिलांसाठी रडल्यावर त्याला झोप लागू लागली, हे मी पाहिले आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण तुमच्या सोबतीला बसायचे तर मला तुम्हाला तो प्रश्न विचारावा लागेल, आणि तुम्ही प्रामाणिकपणे उत्तर द्याल, आणि तेवढ्याने मला भागणार नाही. माझ्या मित्राने मला खोटे सांगितले नव्हते. त्याला खोटे सांगितले गेले होते, त्याच्याच भल्यासाठी, तो पाच वर्षांचा असताना. आपल्या घरांत असा माणूस 'गावाला गेलेला' असतो, त्याला 'बाहेरचं झालेलं' असते, तो 'तरुणपणी गेलेला' असतो. आजाराचे नाव क्वचितच कुणी उच्चारते आणि पुढच्या पिढीपर्यंत तो माणूसही पोचत नाही. मी माझ्या आईला आमच्या घराबद्दल हाच प्रश्न विचारला, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "नाही, आपल्यात कुणी नाही." त्या क्षणभराबद्दल मी अजून विचार करतो.

एका मैत्रिणीने मला सुनावले की अशाने कुणीच कुणासाठी काही करणार नाही, धोका तसा कमीच असतो, आणि तू तुझ्या एका दुपारीवरून सगळ्यांना दार लावतो आहेस. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. संशोधनात अशा माणसाजवळ दोन जण बसतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, गरज पडली तर देण्याचे औषध तयार असते, आणि मी एकटा होतो, एवढे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग आपण दोघं बसू." मी नाही म्हणालो, आणि ती रागावली, आणि तिचा राग मला समजतो.

गेल्या डिसेंबरात मित्र पुन्हा साताऱ्याला गेला होता. एका दुपारी, तिकडचे साडेचार वाजले असताना, त्याने मला एक फोटो पाठवला. माडीवरची खोली, उघडे दार, आत गव्हाची पोती, आणि दाराला बाहेरच्या बाजूने कडी. फोटोखाली काही लिहिलेले नव्हते. मी बराच वेळ तो पाहत राहिलो, मग "विचारलंस का?" असे लिहिले आणि न पाठवताच खोडून टाकले.