सायबाच्या नोव्हेनाला पायी

महाराष्ट्र विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 रोजी लागला आणि दुसऱ्या दिवशी सायबाची, म्हणजे जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांची, नोव्हेना ही नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. त्यामुळे आमची पदयात्रा सावंतवाडीहून निघाली तेव्हा अभिनंदनाचे फलक अजून उतरलेले नव्हते आणि बांद्यापर्यंत आम्ही जपमाळेतली दुःखाची रहस्ये त्या हसऱ्या चेहऱ्यांखालून म्हणत गेलो. मतदानाच्या आधी आमच्याच धर्मग्रामातली, म्हणजे माझ्या चर्चच्या हद्दीतली, शहाणी माणसे माझ्याकडे येऊन गेली होती. नाव घेऊ नका फादर, नुसता इशारा द्या, एवढीच त्यांची विनंती होती, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती जवळजवळ त्याच शब्दांत केली. मी नकार दिला. गर्भपात, घटस्फोट आणि चुकवलेली रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) यांवर कडक बोलणारा हा म्हातारा निवडणुकीत मात्र मूग गिळून बसतो, असे आता माझ्याविषयी बोलले जाते आणि वाटेत ते माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोलले गेले.

पात्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी मारल्या गेलेल्या सत्याग्रहींच्या स्मारकापाशी मी मृतांसाठीची प्रार्थना सांगितली. नोव्हेनाशी याचा काय संबंध, असे कोणीतरी पुटपुटले. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला संबंध लागतो, हे मला नवीन होते; पण ऊन चढत होते म्हणून वाद घातला नाही.

सीमा ओलांडल्यावर चौपदरी महामार्गाच्या कडेला सावली अशी उरलेलीच नाही. झाडे गेली आणि त्यांच्या जागी तापलेले काँक्रीट आले. दुपारी माझ्या उजव्या टाचेवरचा फोड असा ठसठसू लागला की ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग मी म्हणत होतो आणि दुसरा दात आवळून गिळत होतो. पुढे तरुणांनी ध्वनिक्षेपकावर भक्तिगीतांच्या नावाखाली जे लावले होते, त्याला लग्नाच्या मिरवणुकीत कोणी हरकत घेतली नसती. मी चिडलो होतो, आणि चिडलेल्या माणसाने जपमाळ हातात धरावी की खिशात ठेवावी, याचा विचार करत एका घराच्या पायरीवर बसलो.

आतून साठीच्या आसपासची एक बाई आली. तिने माझ्या झग्याकडे पाहिले, मग पायाकडे, आणि काही न विचारता आत जाऊन सुई, दोरा आणि खोबरेल तेल घेऊन आली. “पाय इकडे करा फादर, लाजू नका. आमच्या घरचे दर आषाढीला असेच पाय घेऊन येतात,” ती म्हणाली. सुई तिने ज्योतीवर धरली, फोडातून आरपार ओवली आणि पाणी निथळत राहावे म्हणून दोरा आतच ठेवला. घरात दूरचित्रवाणीवर चारजण एकाच वेळी ओरडत होते आणि त्यांच्या ओरडण्यातून ‘धर्मांतर’ एवढा एकच शब्द स्पष्ट ऐकू येत होता. तिने सुनेला हाक मारून आवाज बंद करायला लावला. तो आवाज माझ्यासाठी बंद केला, की तिलाच त्याचा कंटाळा आला होता, हे मला कळले नाही.

मग तिने देवापुढचा प्रसाद आणला. मी पाऊल कुठे ठेवतो याबाबत जुन्या वळणाचा माणूस आहे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी संत पौलाने करिंथकरांना जे लिहिले, ते मी गृहीत धरून चालतो. मी हात जोडून नाही म्हटले. “उपास असेल तुमचा,” ती म्हणाली. त्या आयत्या सबबीमागे लपता आले असते. पण उपास नाही, आमच्या धर्मात हे चालत नाही, असे मी सरळ सांगितले. “बरं,” म्हणून ती परसात गेली आणि घडाची चार केळी तोडून घेऊन आली. “ही अजून कोणाला दाखवलेली नाहीत.”

पुढे निघाल्यावर आमच्यातला एक मुलगा म्हणाला, फादर, एवढे कर्मठ कशाला, सगळे एकच तर आहे. त्या बाईला सगळे एक वाटत नव्हते. वाटले असते तर ती केळ्यांसाठी उठली नसती. वेगळेपण पुसल्याशिवाय प्रेम करता येत नाही असे मानणारे, आणि वेगळेपण दिसताच दगड उचलणारे, या दोघांमध्ये मला मनाचा सारखाच आळस दिसतो.

म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीपुढे, म्हणजे चमत्कारांच्या मारियेपुढे, मेणबत्ती लावली. पणजीनंतर, 1634 मध्ये पुरा झालेल्या रिबंदरच्या जुन्या बांधावरून चालताना मांडवीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे मागे लखलखत होती. ती हलवण्याची आश्वासने कितीतरी सरकारांनी दिली आहेत.

बांधावरच त्या मुलाने मला गाठले. ऑक्टोबरात एका पुढाऱ्याने सायबाच्या अवशेषांची डीएनए चाचणी मागितली, तेव्हा गोव्यात रस्ते अडवले गेले होते, आणि त्याला तेच योग्य वाटत होते. अपमान मलाही झोंबला होता. पण संताचा अपमान पुसण्यासाठी रुग्णवाहिका अडकवून ठेवणे संताला आवडेल का, असे मी विचारले. त्यावर त्याने भ्रमणध्वनीवर वाचलेले एक पत्र पुढे केले: 1546 मध्ये सायबाने राजा जॉन तिसरा यांच्याकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, मागितले होते, हे खरे का? खरे आहे, मी म्हणालो. न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये आले, पण मागणी त्यांची होती. संतपद म्हणजे माणसाच्या प्रत्येक पत्रावर उमटलेली मोहोर नव्हे. संतालाही देवाची दया लागते, आणि ज्यांचा छळ झाला त्यांच्या वतीने ती मागायला आपल्याला लाज वाटू नये. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे तुम्ही वेदीवरून सांगाल का?

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये दर्शन काही क्षणांचे झाले. पुढच्याने हात उंचावून धरलेल्या भ्रमणध्वनीच्या पडद्यात मला सायब आधी दिसले आणि पेटीत नंतर. स्वयंसेवक ‘चला, चला’ म्हणत होते.

3 डिसेंबरच्या मिस्सेत मी ते पत्र सांगितले. त्या मुलाला पटले, पण त्याच्या वडिलांना नाही. तक्रार बिशपांकडे जाईल असे कळले आहे. निवडणुकीतल्या मौनाविषयीची आधीच गेलेली आहे.