दणक्याच्या आधी

आज भाऊजींच्या गोदामात जाऊन आले. हे आले नाहीत. ते असो.

निमित्त दोन नव्या पिस्तुलांचं. हवेचीच, सिलिंडरवर चालणारी, लायसन लागत नाही ती. एक बाहेर देशातलं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं, दुसरं इकडचंच. पिस्तुलं आली म्हणून रोडग्यांचा बेत, की रोडग्यांसाठी पिस्तुलं, ते जाऊबाईंना विचारावं लागेल. बाहेर गोवऱ्यांवर रोडगे, पातेल्यात वांगी. आत, जिथं एके काळी छतापर्यंत कापूस असायचा, तिथं दहा मीटरवर टार्गेटचे कागद. भिंतीवर गुड्डीनं पेपरातले नेमबाजांचे फोटो चिकटवलेत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. मास्तर म्हणाले, "सगळे कोल्हापूरचेच काऊन बाप्पा? आपल्याकडचं कोणीच नाही?" भाऊजी म्हणाले, "येते ना. थांबा जरा." गुड्डीनं मान खाली घातली. ती ७५ मिनिटांत ६० छर्रे मारते, तेही एका हातानं. एकाच हाताचा नियमच आहे. दुसरा हात ती खिशात ठेवते.

मला वाटलं होतं, आपण रोडगे भाजायला मदत करू आणि येऊ. पण भाऊजींनी हाक मारली. "या वहिनी, तुमचाही हात लागू द्या." किती दिवसांनी त्यांनी अशी हाक मारली. त्यावर आज काही लिहीत नाही.

मूठ हातात बरी बसली. वजन किलोभर. नळीतून आरपार नारंगी दोरी घातलेली असते, ती काढेपर्यंत कोणी पुढं जायचं नाही, बोट घोड्यावर ठेवायचं नाही. छर्रा तुरीच्या दाण्याहून बारीक. मधलं दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. आणि गंमत अशी, की त्या बटणाकडं बघायचंच नाही! नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या त्या बारक्या खुंटीवर. माशी स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर झालं तरी चालेल. हे मला फार आवडलं. पहिले चार मारले. सहा, सात, पाच, आणि एक कागदाच्या कोपऱ्याला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग भाऊजी म्हणाले, "आता मी भरून देतो, तुम्ही फकत मारा."

हात उचलला, श्वास सोडला, माशी बघितली, दाबलं. नुसतं टिक्. आवाज नाही, हवा नाही, काही नाही. आणि माझा हात मात्र गपकन खाली. चांगला चार बोटं. पाठीमागं बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं.

"छर्रा भरलाच नव्हता, अन् हवाही बंद ठेवली होती, वहिनी," भाऊजी म्हणाले. "हे असंच पकडतात. अन् हवेच्या पिस्तुलाले दणका असतेच कुठं? जो येणारच नाही त्याले तुम्ही आधीच भ्यायल्या."

सगळे हसले. मीही हसले. रोडगे खाल्ले, तूप जास्तच घेतलं, गुड्डीची वेणी घातली. घरी आले आणि तेव्हापासून तो हात खाली जाताना दिसतोय.

राग कशाचा आला? फसवल्याचा नाही. ती शिकवायची रीतच आहे, गुड्डीलाही असंच पकडलंय म्हणे. चार लोकांसमोर झालं म्हणूनही नाही. मला कळलंच नाही याचा आला. माझ्या मते माझा हात जागेवर होता. शपथेवर सांगितलं असतं.

मग बसल्या बसल्या आठवायला लागले. पुण्याहून फोन आला की मी 'हॅलो' म्हणतच नाही, 'काय झालं?' म्हणते. पोरगा चिडतो. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या खाटेचा आवाज आला की माझा पदर आधीच डोक्यावर. हरभऱ्यात डुकरं येतात म्हणून रात्री बाजूच्या शेतात सुतळी बॉम्ब फोडतात. मी फुटायच्या आधी जागी असते. वाटणीच्या दिवशी तर कोणी काही बोलायच्या आत मीच म्हटलं होतं, आम्हाला विहिरीकडची बाजू नको. कोणी मागितली होती का? कोणी तोंडही उघडलं नव्हतं. जन्मभर हात असा खालीच गेला माझा, आणि मी समजत राहिले की नेम धरून उभी आहे.

इथपर्यंत लिहून थोडं रडू आलं. मग कुकर ठेवला. शिट्टी व्हायला आली तशी मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. मुद्दाम, माशीकडं बघावं तशी. आणि शिट्टीच्या बरोबर एक क्षण आधी डोळे मिटले! दुसऱ्या शिट्टीलाही. तिसऱ्या शिट्टीला मलाच हसू फुटलं. चोवीस वर्षं याच कुकरनं मला भिववलंय आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही.

भाऊजींनी घरी करायला दिलंय. लिटरभर पाण्याची बाटली एका हातात धरायची, हात सरळ, भिंतीवरच्या एका ठिपक्यावर, मनात वीस मोजेपर्यंत. जेवणं झाल्यावर उभी राहिले कॅलेंडरसमोर. चतुर्थीचा लाल आकडा धरला.

"काय करून राहिली?" हे खाटेवरून.

"नेम धरून राहिली."

बराच वेळ काही नाही. मग भिंतीकडं तोंड करून, "त्यानं काही विचारलं का?"

"कशाबद्दल?"

बोलले नाहीत. चौदा, पंधरा, सोळा. खांदा भरून आला, पण हात हलला नाही. अठराला बाटलीचं झाकण निघालं आणि सगळं पाणी साडीवर. झाकण नीट लावलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी परत बोलावलंय. वांगी आमच्याकडून न्यायची आहेत.