हातोड्यावरचा मुकुट

स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या ऐन मध्यात, दुकानं-ऑफिसांच्या गराड्यात, 'हाऊफ' नावाची जुनी दफनभूमी आहे. ऊन पडलं की लोक तिथे खुशाल डबा खायला येतात (आमच्या आजीने हे पाहिलं असतं तर आधी सगळ्यांना आंघोळीला पाठवलं असतं!). मूळची ही मठाची जमीन. स्कॉटलंडच्या मेरी राणीने १५६४ साली ती शहराला दफनासाठी दिली.

इथल्या जुन्या दगडांवर नावापेक्षा अवजारं ठळक आहेत. नाव म्हणजे बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं. नवऱ्याची, आणि शेजारी बायकोची. तीही तिच्या माहेरच्या आडनावाची, कारण स्कॉटलंडमध्ये तेव्हा तशीच पद्धत होती. पण धंदा मात्र लांबूनही ओळखू यावा. शिंप्याची कात्री आणि इस्त्री, विणकराचा धोटा, शेतकऱ्याचा फाळ. बेकरीवाल्याचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, तेही वर पाव ठेवलेलं. चांभाराची अर्धचंद्राकृती रापी तर आपल्याकडच्या रापीची सख्खी बहीण वाटते, आणि तिच्यावर चक्क मुकुट!

लोहाराच्या हातोड्यावरही मुकुट असतो. तो मेलेल्या माणसाचा नव्हे, त्याच्या धंद्याच्या संघाचा मान. डंडीत असे नऊ संघ होते. बेकर, चांभार, हातमोजेवाले, शिंपी, टोपीवाले, खाटीक, हातोडेवाले, विणकर आणि रंगारी. 'हातोडेवाल्यां'त नुसते लोहार नव्हते, धातू ठोकणारे इतर कारागीरही होते. वर्षानुवर्षं शिकाऊ म्हणून राबायचं, पैसे भरायचे, तेव्हा कुठे संघात प्रवेश. बाहेरच्याला शहरात तो धंदाच करता येत नसे. त्यामुळे थडग्यावरचा हातोडा हा पोटापाण्याचा उल्लेख कमी आणि हुद्दा जास्त. गंमत म्हणजे हे संघ आपल्या बैठकाही याच दफनभूमीत, थडग्यांच्या मधोमध भरवत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःची इमारत बांधली, तोवर हेच चाललं होतं.

धंद्याच्या खुणांच्या जोडीला मरणाच्या खुणाही असतात: कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ, पंख फुटलेलं डोकं म्हणजे आत्मा. खरी कसोटी कुदळ-फावड्यापाशी लागते. फुलीसारखी एकावर एक ठेवलेली, जवळच कवटी किंवा शवपेटी असेल, तर ती बहुधा कबर खणणाऱ्याची, म्हणजे 'तुझीही पाळी येणार आहे' अशी सूचना. सोबत दाताळं असेल तर मात्र खाली माळी झोपलेला असण्याची शक्यता जास्त.

बघायला जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरपं ऊन पडलं की झिजलेला धोटासुद्धा उठून दिसतो. भर दुपारी सगळा दगड सपाट भासतो. आणि शेवाळ खरवडू नका, खडू घासू नका. हा वालुकाश्म आहे, त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यांच्याबरोबर कोरीवकामही जातं.

एकोणिसाव्या शतकात ही अवजारं मागे पडत गेली. संघांची मक्तेदारी १८४६ च्या कायद्याने संपली. पुढच्या काळातल्या दगडांवर मजकूर भरपूर, कुठे कलश, कुठे गुळगुळीत ग्रॅनाइट. धंदा सांगितलाच तर अक्षरांत. मी ते दगड सहसा वाचत नाही.