मदतीआधी पोलीस येतात तेव्हा

इंग्लंडमध्ये किती माणसांना मानसिक आरोग्य कायद्याखाली, म्हणजे त्यांच्या इच्छेविरुद्ध, रुग्णालयात ठेवले गेले याची आकडेवारी दरवर्षी वंशानुसार प्रसिद्ध होते. मार्च 2023मध्ये संपलेल्या वर्षात दर एक लाख श्वेतवर्णीय लोकांमागे अशा सुमारे 64 नोंदी झाल्या आणि दर एक लाख कृष्णवर्णीय लोकांमागे सुमारे 228. साडेतीन पटींची ही तफावत त्या एका वर्षापुरती नाही. थोड्याफार फरकाने ती वर्षानुवर्षे टिकून आहे. याउलट मन खचू लागल्यावर डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवावे, आठवड्यातून एकदा कोणाशी तरी मोकळेपणाने बोलता यावे, अशी जी सुरुवातीची आणि सौम्य मदत असते, ती याच कृष्णवर्णीय समाजाच्या वाट्याला कमी येते. वेळेवर मदत मिळत नाही आणि उशिरा मात्र बळजबरी मिळते, हा मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. कृष्णवर्णीय पुरुषांसाठी त्यांच्याच समाजातून उभ्या राहणाऱ्या मदतीविषयी लिहायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

या पुरुषांबद्दल एक स्पष्टीकरण सहज दिले जाते: ते बोलत नाहीत, दुबळेपणा दाखवणे त्यांना कमीपणाचे वाटते, मानसिक आजाराची त्यांच्या समाजात लाज आहे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पुरुषाने रडू नये, घरातले घरात ठेवावे, ही शिकवण अनेक समाजांत आहे. पण एवढ्यावर थांबले की सारी जबाबदारी आजारी माणसावर येऊन पडते आणि तो ज्या यंत्रणेला घाबरतो तिच्याकडे पाहायचे राहून जाते. त्याची भीती अनुभवातून आलेली आहे आणि त्या अनुभवाला नावे आहेत.

डेव्हिड बेनेट हा 38 वर्षांचा, आफ्रिकन-कॅरिबियन वंशाचा माणूस नॉर्विच येथील मनोरुग्णालयात उपचार घेत होता. 30 ऑक्टोबर 1998 रोजी दुसऱ्या एका रुग्णाशी त्याचे भांडण झाले, त्यात त्याला वंशवाचक शिवीगाळ ऐकावी लागली आणि त्यानंतर दुसऱ्या कक्षात हलवले गेले ते त्यालाच. तिथे त्याने एका परिचारिकेला मारले; कर्मचाऱ्यांनी त्याला पालथे पाडून बराच वेळ दाबून धरले आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. बहीण डॉ. जोआना बेनेट यांच्या पाठपुराव्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीने आरोग्य सेवेत संस्थात्मक वंशवाद आहे, म्हणजे यंत्रणेच्या कामाच्या पद्धतीतच वंशभेद मुरलेला आहे, असे स्पष्टपणे नोंदवले. या प्रकरणातला मला विसरता न येणारा तपशील मात्र 1993चा आहे. मृत्यूच्या पाच वर्षे आधी बेनेटने याच रुग्णालयाच्या प्रमुख परिचारकाला पत्र लिहून कळवले होते की येथे इतके कृष्णवर्णीय रुग्ण असूनही कर्मचाऱ्यांमध्ये आफ्रिकन वंशाचे कोणी नाही आणि किमान दोन तरी माणसे असावीत. आपल्याला काय हवे आहे, हे रुग्णाने इतक्या स्वच्छपणे आणि सभ्यपणे लिहून दिले होते.

त्यानंतर 2008च्या ऑगस्टमध्ये शॉन रिग या चाळीस वर्षांच्या संगीतकाराचा दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन पोलीस ठाण्यात मृत्यू झाला. तो राहत होता त्या वसतिगृहातील कर्मचारी त्याची प्रकृती बिघडल्याचे पाहून मदतीसाठी पुन्हा पुन्हा दूरध्वनी करत होते; मदत वेळेवर आली नाही आणि शेवटी आली ती अटकेच्या रूपात. 2010मध्ये 23 वर्षांचा ओलासेनी लुईस आईवडिलांबरोबर स्वतःहून रुग्णालयात गेला होता. त्याला तिथे अकरा पोलिसांनी मिळून दाबून धरले आणि काही दिवसांत तो गेला. त्याच्या कुटुंबाच्या लढ्यातून 2018 साली मनोरुग्णालयांतील बळाच्या वापरावर बंधने घालणारा कायदा झाला, जो आज ‘सेनीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. दक्षिण लंडनमधल्या घरांत ही नावे अजून घेतली जातात. अशा घरात वाढलेल्या मुलाला पुढे कधी रात्र रात्र झोप लागेनाशी झाली, तर रुग्णालयाची पायरी चढायला तो का कचरतो, हे कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आजाराच्या कारणांबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण कृष्णवर्णीय माणसांत काही जन्मजात दोष असल्याचा समज अजून पुरता गेलेला नाही. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल येथे झालेल्या आणि 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ब्रिटनमधील कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या निदानाचे प्रमाण श्वेतवर्णीय ब्रिटिशांच्या सुमारे नऊ पट आढळले. पण जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथे जे अभ्यास झाले, त्यांत असे वाढीव प्रमाण दिसले नाही. रक्त तेच आणि देश बदलल्यावर आजाराचे प्रमाण बदलते, तर कारण जगण्याच्या परिस्थितीत शोधायला हवे: एकटेपणा, रोजचा वंशभेद, शाळेतून काढून टाकले जाणे, रस्त्यावर पोलिसांनी पुन्हा पुन्हा अडवून झडती घेणे, बेकारी. काही वेळा संतापाला, अविश्वासाला किंवा धर्मश्रद्धेच्या भाषेला डॉक्टर आजाराचे लक्षण समजतात, हेही खरे. ही कारणे गोळ्यांनी दूर होत नाहीत. म्हणून मदतही माणूस जिथे राहतो आणि ज्यांच्यात वावरतो, तिथूनच यावी लागते.

सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित सेवा कशी असावी, याचा विचार न्यूझीलंडमधील माओरी परिचारिकांनी, विशेषतः इरिहापेटी रॅम्सडेन यांनी, पुढे आणला आणि 1992पासून तिथल्या परिचर्या शिक्षणात तो अनिवार्य झाला. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: सेवा सुरक्षित आहे की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे. कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले, भिंतीवर निरनिराळ्या वंशांच्या लोकांची छायाचित्रे लावली, जेवणात एखादा कॅरिबियन पदार्थ ठेवला, म्हणून ती सुरक्षित होत नाही. आपले बोलणे पोलिसांच्या नोंदीत जाणार नाही, आपला आवाज चढला तर कोणी घंटा वाजवून चार माणसे बोलावणार नाही, वंशभेदाचा अनुभव सांगितला तर ‘तुम्हाला तसे वाटले असेल’ असे उत्तर मिळणार नाही, एवढी खात्री ज्या खोलीत वाटते, ती खोली त्या माणसासाठी सुरक्षित.

अशा खोल्या या समाजाने स्वतः तयार केल्या आहेत. 1948मध्ये विंडरश जहाजातून आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये आलेल्या कॅरिबियन लोकांना अनेक चर्चमध्ये नीट स्वागत मिळाले नाही, तेव्हा त्यांनी आपल्या प्रार्थनासभा घरांतून सुरू केल्या. मुलांची शाळेत उपेक्षा होऊ लागली तेव्हा शनिवारच्या शाळा काढल्या. बँका कर्ज देईनात तेव्हा ‘पार्डनर’ची पद्धत चालवून घरे घेतली. पार्डनर म्हणजे हुबेहूब आपली भिशी: दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची आणि पाळीपाळीने एकेकाने ती सगळी उचलायची, सारा व्यवहार विश्वासावर. मानसिक आरोग्याचे कामही याच परंपरेतून आले आहे. ब्रिक्स्टनमध्ये कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावरचे मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन यांच्या नावाने चाललेले केंद्र किंवा वुल्व्हरहॅम्प्टनमधील आफ्रिकन कॅरिबियन कम्युनिटी इनिशिएटिव्ह या संस्था ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही भाषा सरकारी कागदांत येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना जेवण, सोबत, घरासाठी अर्ज आणि रुग्णालयातल्या भेटी हे सगळे एकत्र देत आल्या. ब्रिक्स्टन ज्यात येते त्या लॅम्बेथ भागात 2016पासून ब्लॅक थ्राइव्ह ही संस्था रहिवाशांना आणि आरोग्य यंत्रणेला एका टेबलाशी बसवण्याचे काम करते.

मी स्वतः दक्षिण लंडनमधल्या पुरुषांच्या एका छोट्या गटाचे हिशेब आणि अनुदानाचे अर्ज सांभाळायला मदत करते. त्यांच्या बैठकीत मी बसत नाही आणि बसूही नये; ती जागा त्यांची आहे. पण कागदपत्रांतूनही बरेच कळते. अनुदान देणारे विचारतात की वर्षभरात किती माणसांवर ‘उपचार पूर्ण’ झाले. गटातला माणूस कित्येक आठवडे फक्त डॉमिनोज हा ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ खेळतो, मग एके दिवशी खेळता खेळता मुलाच्या ताब्याच्या खटल्याबद्दल बोलतो, आणि पुढच्या आठवड्यात येतच नाही. मग कोणीतरी त्याच्या घरी जाते. अर्जात या सगळ्यासाठी रकाना नसतो. शिवाय अनुदान बहुधा एका वर्षाचे असते. विश्वास बसायलाच जिथे इतका काळ जातो, तिथे एका वर्षाने दार बंद करणे म्हणजे या पुरुषांना आणखी एकदा सोडून जाणे आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

केस कापण्याच्या दुकानांबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. कृष्णवर्णीय पुरुष वर्षानुवर्षे एकाच नाभिकाकडे जातो, तासभर निवांत बसतो आणि तिथे त्याला कोणी संशयाने पाहत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या 52 सलूनमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी रक्तदाबावर केलेला प्रयोग 2018मध्ये प्रसिद्ध झाला. नाभिकाच्या प्रोत्साहनाने आणि सलूनमध्येच येणाऱ्या औषधतज्ज्ञाच्या उपचाराने सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला, तर तुलनेच्या गटात तो नऊच्या आसपास उतरला. मनाच्या बाबतीत ‘द कन्फेस प्रोजेक्ट’ ही लोरेन्झो लुईस यांनी आर्कान्सामधून सुरू केलेली चळवळ नाभिकांना नीट ऐकायला आणि धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवते. मात्र रक्तदाबाच्या त्या प्रयोगाचे वर्णन करताना एक गोष्ट वारंवार गळते: औषधतज्ज्ञ दुकानात येत होता. नाभिकाने समजावून सांगावे आणि गिऱ्हाईकाने शेवटी त्याच नकोशा इमारतीत जावे, अशी ती रचना नव्हती. मनाच्या आजाराबाबतही कृष्णवर्णीय समुपदेशक त्या खोलीपर्यंत यायला हवा. कात्री हातात असलेल्या माणसाने आत्महत्येचे विचार ऐकून घ्यायचे आणि मग एकट्याने घरी जायचे, हेही न्याय्य नाही. त्यालाही मन मोकळे करायला कोणीतरी हवे आणि त्या वेळेचे पैसे मिळायला हवेत.

मनोविकारतज्ज्ञ सर सायमन वेस्ली यांच्या मानसिक आरोग्य कायद्याविषयीच्या 2018च्या अहवालातून निघालेली वंशसमानतेची चौकट इंग्लंडच्या आरोग्य सेवेने ऑक्टोबर 2023मध्ये सर्व मानसिक आरोग्य संस्थांना लागू केली. रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे काय म्हणतात हे ऐकणे आणि त्याचे उत्तर देणे त्यात बंधनकारक आहे. या चौकटीकडून मला आशा आहे. पण संस्था किती बैठका घेतात यापेक्षा मी तीन गोष्टी पाहणार आहे: त्या बैठकांना येणाऱ्या पुरुषांना त्यांच्या वेळेचे मानधन मिळते का, स्थानिक गटांशी निदान पाच वर्षांचे करार होतात का, आणि माणूस संकटात असताना रात्री दोन वाजता आईने दूरध्वनी केला तर दारात गणवेशाऐवजी त्याच्या ओळखीचा चेहरा येऊ शकतो का.