लक्षद्वीप, सातव्या मजल्यावरून

आधीच सांगून टाकते. मी लक्षद्वीपला जाऊन आले, पण लक्षद्वीपच्या जमिनीला माझा पाय लागला नाही. आईचा लागला. त्यामुळे वाळू कशी होती, पाणी किती निळं होतं, हे ज्यांना हवं असेल त्यांनी नागपूरच्या महाल भागात आईकडे जावं. चहाही मिळेल. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते जहाजाचं आणि बुधवार सकाळच्या चार तासांचं.

मुळात हे खूळ आईचंच. उमरेडच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती, एकूण बेटं ३६, माणसं राहतात ती १०, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. हे तिने किती पोरांकडून घोकून घेतलं असेल याचा हिशेब नाही. आपलं नागपूर शहरच सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे अख्खं लक्षद्वीप आपल्या शहराच्या सातव्या हिश्श्यात मावेल. प्रवाळ बेटाची आकृती ती फळ्यावर एका झटक्यात काढायची: बाहेर खोल समुद्र, मग प्रवाळाची कड, आत उथळ पाणी, मग बेट. एकाहत्तराव्या वर्षी म्हणाली, "आयुष्यभर जे फळ्यावर काढलं, ते एकदा पाहून तर घेऊ."

नवऱ्याने मोबाईलवर जाहिरात शोधली. मुंबईहून जहाज, चार रात्री, मधे लक्षद्वीपचं अगत्ती बेट, माणशी एकवीस हजार. बेटांवर जायला लागणारं परमिटही कंपनीच काढून देणार होती. मी मूर्खासारखी खूश झाले. मग त्या एकवीस हजारांवर बंदराचं शुल्क बसलं, जीएसटी बसला, दर रात्रीचा दर माणशी सेवेचा आकार बसला, आणि आईला खिडकी हवी म्हणून खिडकीचेही पैसे बसले. माणशी साडेतीसच्या पुढे गेलं. शिवाय 'माणशी' म्हणजे एका खोलीत दोन माणसं धरून. आई एकटी राहिली असती तर तिला जवळपास दोघांचं भाडं पडलं असतं. जहाजावर एकट्या माणसाला ही शिक्षाच आहे. मग सोबतीला मावशी निघाली.

मावशी वर्ध्याजवळ सेलूला दिलेली. दोघी सख्ख्या बहिणी, पण एक छापील बोलते आणि दुसरी मनातलं बोलते. मावशीने सोबत ओव्याचा अर्क घेतला होता. घरी काढलेला, पोटासाठी, उलटीसाठी, सगळ्यासाठी. आणि तो भरला होता काचेच्या चपट्या बाटलीत. तीच बाटली, जिला क्वार्टर म्हणतात.

दुरांतोने सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल इतकं जवळ की टॅक्सीवाले यायला तयार नाहीत, आणि चार बॅगा नि दोन म्हाताऱ्या घेऊन चालायचं म्हटलं तर इतकं लांब की विचारू नका. चौथ्या टॅक्सीवाल्याने उपकार केले. आत गेलो, बॅगा मशीनमध्ये गेल्या आणि मावशीची बॅग बाजूला काढली.

जहाजावर बाहेरची दारू न्यायला बंदी असते, हे मला ठाऊक होतं. पण लोक पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून आणतात, म्हणून प्रत्येक पातळ पदार्थावर संशय घेतात, हे तिथे कळलं. त्या पोराने बाटली उजेडात धरली. आत पिवळसर काहीतरी. वर लेबल नाही.

"ये क्या है, आंटी?"

"ओवा आहे ओवा! वास घेऊन पाहा ना जी!"

त्याने वास घेतला. ओव्याचा अर्क ज्याने हुंगलाय त्याला माहीत आहे, डोळ्यांतून पाणी येतं. त्याचा संशय आणखी वाढला. वर्धा जिल्हा म्हणजे गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा, तिथे माझ्या आठवणीपासून दारूबंदी. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, वर्ध्याची अजून आहे. आणि त्या वर्ध्याची बाई मुंबईच्या बंदरात क्वार्टरसकट पकडली गेली. मागच्या रांगेतले लोक मान उंच करकरून पाहत होते. आई तर चक्क चार पावलं दूर जाऊन उभी राहिली, जणू ओळखतच नाही. शेवटी बाटलीला चिठ्ठी बांधली, त्यावर खोलीचा नंबर लिहिला आणि शुक्रवारी उतरताना मिळेल म्हणून सांगितलं. सोबत माझी चहाची किटलीही ठेवून घेतली.

दारूवरून दुसरा धक्का नवऱ्याने दिला. त्याने घरूनच पेयांचं पॅकेज घेऊन ठेवलं होतं. नियम असा की खोलीतल्या एका मोठ्या माणसाने पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. कारण समजतं, नाहीतर एक जण घेईल आणि चौघं पितील. पण मी पीत नाही. म्हणजे न पिण्याचे पैसे मी पिणाऱ्याइतकेच भरले. तो म्हणाला, "वसूल कर ना मग." वसूल कशाने करू? लिंबू सोड्याने. पहिल्या संध्याकाळी तीन झाले. चौथ्याला पोटात गुडगुडायला लागलं आणि पैसे जेमतेम पाव सुद्धा निघाले नव्हते.

मंगळवारी दिवसभर समुद्र. बिंगो, गरबा, जादूगार, नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग. पोहे होते, तर्री नव्हती. असो.

मावशीचा मंगळवार मात्र न्हाणीघरात गेला. रिसेप्शनवर गोळी मिळाली, तीही टिकली नाही. जहाजावर डॉक्टर होता. त्याची फी ऐकून मावशी अर्धी बरी झाली आणि उरलेली अर्धी रात्रभर कण्हत राहिली. "माह्या अर्काची बाटली असती तं एका झाकणात काम झालं असतं. मले काही नको, मले जमिनीवर न्या." नागपूरहून मुंबई जेवढी लांब, जवळपास तेवढंच मुंबईपासून पुढे समुद्रात आलो होतो. जमीन कुठून आणू?

बुधवारी सकाळी डेकवर गेले तर ती समोर होती. झाडांची एक हिरवी रेघ, खाली पांढरी रेघ, आणि अलीकडे पाण्याचा असा रंग की साडीवर असता तर मी भडक म्हणून परत केली असती. जहाज तिथपर्यंत जात नाही. प्रवाळाच्या कडेच्या आत पाणी उथळ, म्हणून मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या बोटींतून नेतात. आई खिडकीतून ते पाहून म्हणाली, "बघ, आकृती." बाकी काही नाही.

बोटीसाठी टोकन मजल्यांप्रमाणे दिले होते. आई-मावशीचा मजला पहिल्या खेपेत, आमचा तिसऱ्या खेपेत. मावशी तर उठूच शकत नव्हती. मी काउंटरवर गेले, म्हटलं, आई एकाहत्तरची आहे, मला तिच्यासोबत जाऊ द्या. नाही. बरं, तिला माझ्यासोबत तिसऱ्या खेपेत घ्या. तर तो म्हणाला, "मॅडम, जो मिल रहा है वो ले लीजिए, समंदर का भरोसा नहीं." मला ते उद्धट वाटलं. दोन तासांनी कळलं की त्या जहाजावर माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच माणूस होता.

आई म्हणाली, "अगं, तू कशाला घाबरून राहिली? मी जाते, तू मागून ये."

मी तिच्यासोबत खाली गेले. जहाजाच्या पोटात, पाण्यापासून हातभर उंचीवर एक दरवाजा उघडला होता. आपण वर जेवतो, नाचतो, तेव्हा जहाज म्हणजे हॉटेल वाटतं. त्या दरवाज्यात उभं राहिलं की समजतं आपण कशावर आहोत. बाहेर बोट वर येत होती, खाली जात होती. एका क्षणी पायरीच्या बरोबरीला, दुसऱ्या क्षणी दोन फूट खाली. बोटीत बेटावरचे दोघं उभे, अनवाणी, पाय असे रोवलेले जसे जमिनीवरच आहेत. आईने हात पुढे केला तर त्यांनी हात धरला नाही. हाताला घाम असतो, निसटतो. दोघांनी दोन बाजूंनी तिचं मनगट धरलं, तिलाही त्यांचं मनगट धरायला लावलं. मग थांबले. बोट वर आली, गेली. पुन्हा वर आली, गेली. आईने मागे वळून पाहिलं. वडील गेल्यापासून तिला कुणी असं दोन्ही हातांनी धरलेलं मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा बोट वर आली तेव्हा त्यातला एक जण काहीतरी म्हणाला, मल्याळममध्ये असेल, आणि आई पलीकडे होती. उडी नाही, धक्का नाही. पाऊल उचललं आणि टाकलं, बस. मला मात्र दरवाज्यातून मागे ढकललं, "टोकन? टोकन नहीं तो ऊपर."

मी सातव्या मजल्यावर आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. सगळ्यांना एकसारखी नारिंगी जाकिटं. पोपटी साडी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यावरून आई ओळखू येत होती. मग बोट लहान झाली, मग साडी दिसेना, मग बोटही त्या भडक रंगात गेली. एक छोटं विमान बेटाच्या टोकाला उतरलं. नवरा सोडा घेऊन आला. वाऱ्याने ग्लासातला पुदिना उडाला.

तेवढ्यात लाऊडस्पीकर वाजला. वारा वाढला आहे, लाटा वाढल्या आहेत, सुरक्षेसाठी पुढच्या खेपा रद्द. कॅप्टनचा निर्णय अंतिम.

डेकवर जो गोंधळ झाला तो सांगत नाही. कुणी पैसे परत मागत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच: बंदर चुकलं तरी भाड्याचे पैसे परत मिळत नाहीत. बंदराच्या शुल्काचे काही शे रुपये नंतर खात्यात जमा झाले, तेवढेच. मलाही राग आला होता, पण वेगळा. लाटा जर माझ्यासाठी इतक्या मोठ्या असतील, तर माझी आई परत कशी येणार? हे कुणीच सांगेना. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, "आ जाएँगे, मॅडम." मी परत कठड्याशी. बोट दिसेपर्यंत मी पाच लिंबू सोडे प्याले असेन. वसूल करायला नाही, हाताला काहीतरी हवं म्हणून.

बोट आली तेव्हा नाक वर, नाक खाली करत आली. मी खाली पळाले. या वेळी दरवाज्यावर मला कुणी अडवलं नाही, किंवा अडवलं असेल तरी मी थांबले नाही. आई आधीच मनगट पुढे करून उभी होती, जुनी गिऱ्हाईक असल्यासारखी. बूट हातात. पायाला घोट्यापर्यंत पांढरी वाळू.

"काय पाहिलं?"

"सगळं पाहिलं." मग थोडं थांबून, "शहाळं प्याले. पैसे रोख द्यावे लागले, तुमचं ते पॅकेज तिथे चालत नाही."

बाकीचं रात्री जेवताना हळूहळू निघालं. किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे पसरले होते, एक उचलला, तर सोबतच्या माणसाने सांगितलं की नेता येत नाही, गुन्हा आहे. लगेच जागच्या जागी ठेवला. लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी. बोटीत कुणाच्या तरी पिशवीतून बिअरचा कॅन निघाला, त्यावरून वाद झाला. मावशी पलंगावरून म्हणाली, "पाहाय, तिथं मी माहेरासारखी राहिली असती."

आणि शहाळेवाल्याचा मुलगा. आठ-नऊ वर्षांचा. आईतली मास्तरीण कुठे गप्प बसते? हिंदीत विचारलं, लक्षद्वीप की राजधानी? तो म्हणाला, कवरत्ती. मग त्याने उलटा प्रश्न टाकला, आप कहाँ से? महाराष्ट्र. राजधानी? आई म्हणाली, मुंबई, और उपराजधानी नागपूर. पोरगं विचारात पडलं. म्हणालं, "दो क्यों?"

"मी त्याला १९५३ चा नागपूर करार, विदर्भ महाराष्ट्रात कसा आला ते सांगायला लागले," आई म्हणाली, "अधिवेशनापर्यंत आले, तेवढ्यात शिट्टी वाजली. अर्धवट राहिलं गं ते." जेवण संपेपर्यंत तिला तीच रुखरुख.

शुक्रवारी मुंबईत उतरताना मावशीला बाटली मिळाली. तिने तिथेच, कस्टमच्या माणसांसमोर, झाकण भरून अर्क घेतला. कुणी काही बोललं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईकडे गल्लीतल्या बाया आल्या होत्या. बेट, बोट, मनगट, शहाळं, पोरगं, सगळं क्रमाने झालं. बोटीच्या लाटा आता दोन फुटांच्या राहिल्या नाहीत, पुरुषभर झाल्या आहेत. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच इतकं निळं असते का गं पाणी?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "तिला काय विचारता? ती तर वर सोडा पीत बसली होती."